हौसेचें मोल

आपल्याकडे 'हौसेला मोल नाहीं' अशी एक म्हण आहे. ती बहुधा लग्नकार्यांतील खर्चाविषयीं आणि थोड्याशा कौतुकानें वापरली जाते. खेळांच्या इतिहासांत मात्र तिचा अर्थ निराळ्या रीतीनें घ्यावा लागतो. खेळाडू 'हौशी' म्हणविला कीं त्याच्या श्रमास मोल मिळावयाचें नाहीं असा तेथें नियमच होता. पैशासाठीं खेळणारा मनुष्य त्या पंगतींतून उठविला जाई. परंतु मोल मिळालें नाहीं म्हणून तें कोणी दिलेंच नाहीं असें होत नाहीं. तें कोणीं दिलें हें पाहावयाचें तर खेळाडूच्या घरांत डोकवावें लागतें, आणि खेळाचे इतिहासकार तिकडे सहसा फिरकत नाहींत. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतल्या बेरिल बर्टन या सायकलस्वार बाईंचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस फार बोलकें वाटतें.

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील सायकलस्वारांच्या मंडळानें रस्त्यांवरील शर्यतींकडे पाठ फिरविली. पोलिसांचा त्यांवर कटाक्ष होता. त्यावर १८९५ मध्यें एफ्. टी. बिडलेक यांनीं युक्ति काढली कीं, स्वारांनीं एकत्र न सुटतां एकामागून एक ठराविक अंतरानें सुटावें आणि घड्याळाशीं स्पर्धा करावी. पुढें कित्येक वर्षें ही मंडळी भल्या पहाटे, आंखूड तंग कपडे न घालतां नखशिखांत काळ्या पोशाखांत निघत. हेतु हा कीं, वाटेवरच्या माणसाला शर्यतीचा संशयहि येऊं नये! हा चोरटेपणा कालांतरानें गेला, पण पहाटेची वेळ आणि एकट्यानें जावयाची रीत राहिली. प्रेक्षक नाहींत, म्हणून तिकिटें नाहींत, आणि पैसाहि नाहीं. 'हौशी' हा शब्द इंग्लंडांत मूळचा सुखवस्तूंचा. १८८६ मध्यें तेथील नौकाशर्यतीच्या संघानें हातांनीं कष्ट करून पोट भरणाऱ्यास हौशी मानण्याचें साफ नाकारलें होतें. सायकलच्या खेळांत उलट प्रकार झाला. आठवडाभर कारखान्यांत राबणारा मनुष्यच रविवारीं पहाटे आपली हौस भागवूं लागला.

बेरिल यांचा जन्म १२ मे १९३७ रोजीं लीड्स येथें झाला. पुढच्या शाळेची निवड ठरविणारी परीक्षा आली त्या सुमारास, दहा-अकरा वर्षांच्या वयांत, त्या आजारी पडल्या. दुखणें संधिवातज्वराचें होतें. घसा धरण्याच्या साध्या तक्रारीमागून येणारा हा ज्वर सांध्यांतून उतरला तरी पुष्कळदां हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवून जातो. आपल्या देशांतहि तो अजून कितीतरी मुलांस गांठतो, तेव्हां वाचकांस त्याची ओळख निराळी करून द्यावयास नको. बेरिलला त्याबरोबर अंगाला झटके येऊं लागले, कांहीं काळ एक बाजू लुळी पडली आणि वाचाहि गेली. नऊ महिने इस्पितळांत व त्यानंतर समुद्रकांठच्या साउथपोर्ट येथील आरोग्यगृहांत, असा बराच काळ ही मुलगी आईबापांपासून दूर राहिली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं दगदग वर्ज्य सांगितली. चरित्रें लिहिणारे हा भाग दोन ओळींत आटोपून पदकांकडे वळतात. आम्हांस मात्र वाटतें कीं, इतका काळ अंथरुणावर काढलेल्या त्या मुलीला मोकळ्या रस्त्याची जी भूक लागली ती पुढें जन्मभर शमली नाहीं.

शिवणकामाच्या कारखान्यांत नोकरी लागल्यावर तेथें चार्ली बर्टन यांची गांठ पडली. सायकलचा नाद चार्लींचा. बेरिलबाईंना तो त्यांच्यापासून लागला. १९५५ मध्यें लग्न झालें, १९५६ च्या जानेवारींत डेनिस ही मुलगी झाली आणि १९५७ मध्यें शंभर मैलांच्या राष्ट्रीय शर्यतींत बेरिलबाई दुसऱ्या आल्या. या तारखांचा क्रम जरा लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. तान्हें मूल घरांत असतां हा सराव झाला कोणाच्या बळावर? बायको आपल्याहून पुष्कळ पुढची आहे हें ओळखून चार्लींनीं स्वतःच्या शर्यती सोडून दिल्या. सायकलची दुरुस्ती, प्रवासाची व्यवस्था, वाटेंत खाणेंपिणें हातीं देणें आणि मुलीला सांभाळणें हीं सर्व कामें त्यांनीं पत्करलीं. असा नवरा त्या काळीं आपल्याकडे शोधून सांपडला नसता. इंग्लंडांतहि ते विरळच.

बेरिलबाई स्वतः मॉर्ले गांवीं निम् कार्लाइन यांच्या शेतावर राबत. कार्लाइन हेहि नामांकित सायकलस्वार होते. त्या भागांत रुबार्ब नांवाची आंबट, जाड देठांची भाजी होते. ऐन हिवाळ्यांत ती अंधाऱ्या कोठ्यांत वाढवितात आणि मेणबत्तीच्या उजेडांत काढतात. खणणें, ओझीं उचलणें असें हें अंगमेहनतीचें काम. जिला दगदग वर्ज्य सांगितली होती तिनें पोटासाठीं शेत धरलें आणि हौसेसाठीं सायकल! १९६० मध्यें सायकली बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें व्यावसायिक होण्याविषयीं विचारलें असतां त्यांनीं नकार दिला. पांच वेळां वर्तुळाकार धांवपट्टीवरील पाठलागाच्या शर्यतींत आणि १९६० व १९६७ मध्यें रस्त्यावरच्या शर्यतींत त्या जगज्जेत्या झाल्या. वर्षभराच्या सर्वोत्तम कामगिरीचा ब्रिटिश मान १९५९ पासून १९८३ पर्यंत ओळीनें २५ वर्षें त्यांच्याकडेच राहिला. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या सायकल शर्यती सुरू झाल्या १९८४ मध्यें, त्यांच्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं.

१९६७ मधील बारा तासांच्या शर्यतीची गोष्ट पुष्कळांच्या तोंडीं आहे. पुरुष आधीं सुटले होते, बेरिलबाई मागून. एकेकाला मागें टाकीत त्या सर्वांत पुढच्या माइक मॅक्नमारा यांच्यापर्यंत पोंचल्या. तो बिचारा त्या दिवशीं पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या मार्गावर होता. त्याच्याजवळून जातांना बाईंनीं खिशांतली जेष्ठमधाची गोळी काढून त्याला देऊं केली, आणि त्यानें ती घेतली. बारा तासांत त्याचे २७६.५२ मैल झाले, यांचे २७७.२५. पुरुषांपैकीं कोणीहि हा आंकडा ओलांडावयास १९६९ उजाडावें लागलें. ही गोष्ट हंसत सांगण्यासारखी आहे खरी. पण दिलदारपणाचें हें चित्र पाहून जो मनुष्य थांबेल त्याला पुढची गोष्ट उमगणार नाहीं.

डेनिसहि सायकलस्वार झाली. १९७२ च्या जागतिक शर्यतींसाठीं मायलेकी एकाच संघांत निवडल्या गेल्या. १९७५ मध्यें डेनिसनें पाठलागाच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतींत शेवटच्या टप्प्यांत दोघी बरोबरीनें आल्या आणि लेक थोड्या अंतरानें जिंकली. विजेत्यांच्या चौथऱ्यावर आईनें तिच्याशीं हात मिळविला नाहीं! पुढें जोर लावण्याचा आपला वांटा डेनिसनें उचलला नाहीं, असें आईच्या मनानें घेतलें होतें. १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं हा प्रसंग झांकून ठेवला नाहीं.

लोक यावरून त्यांस पाषाणहृदयी म्हणतात. आम्हांस हा निवाडा फार सोपा वाटतो. ज्या घरांतील सुट्ट्या, शिल्लक, रविवार आणि एका माणसाची स्वतःची हौस हीं सर्व वीस वर्षें एकाच सायकलभोंवतीं फिरत आलीं, त्या घरांत दुसरी सायकल पुढें आली तर तिला जागा कोठून करावयाची? पैशासाठीं खेळणारा हरला तर त्याचा पगार बुडतो. येथें पगार नव्हताच. जें होतें तें सारें घरच्यांनीं घातलेलें, आणि तें हिशेबांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. हातानें हात धरण्याचें नाकारणाऱ्या आईला हें ठाऊक नव्हतें असें आम्ही मानीत नाहीं. ती तेढ टिकली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे: १९८२ मध्यें त्याच दोघींनीं दोघांच्या एका सायकलवर बसून दहा मैलांचा ब्रिटिश विक्रम केला.

५ मे १९९६ रोजीं बेरिलबाई नेहमींप्रमाणें सायकलवर निघाल्या. एका आठवड्यावर त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस आला होता आणि त्याचीं आमंत्रणें त्या पोंचवीत होत्या. वाटेंतच हृदयक्रिया बंद पडून त्यांस मृत्यु आला. लहानपणींच्या ज्वराशीं त्याचा संबंध जोडणारे पुष्कळ आहेत. चार्लींशीं झालेल्या लग्नाला तेव्हां एकेचाळीस वर्षें होत आलीं होतीं. मॉर्ले येथें त्यांच्या नांवाची बाग आहे. बारा तासांच्या शर्यतींतील स्त्रियांचा त्यांचा विक्रम २०१७ मध्यें मोडला. त्यांस जाऊन तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं.