आज्ञार्थ, विध्यर्थ आणि सर्व्हर

हस्तलिखितांच्या प्रती वाढल्या की पाठभेद शिरतात, हे आपण साहित्याचे अभ्यासक जाणतोच. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही याच अडचणीने छळले आहे. तिचा इतिहास आपल्या परिचयाचा नसला तरी आपल्या विचाराचा नक्कीच आहे, असे आम्हांला वाटते.

जुलै 1993मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी आणली. तिचे अंतरंग नवे होते. चेहरा मात्र घरगुती संगणकावरील विंडोजचाच. सर्व्हरची मांडणीही मुख्यतः खिडक्या उघडून, माउसने क्लिक करून होई. एका यंत्रापुरते हे सोयीचे होते. पण क्लिकची संहिता उरत नाही. शंभर यंत्रे सारखी मांडायची तर तीच कृती शंभरदा करायची. आणि जाणता माणूस निघून गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई.

त्याच वर्षी ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी युनिक्स यंत्रांसाठी 'सीएफइंजिन' रचले. त्यामागची दृष्टी वेगळी होती. यंत्राने कोणत्या क्रमाने काय करावे हे न सांगता, यंत्र कसे असावे याचे वर्णन लिहायचे; प्रत्यक्ष स्थिती त्या वर्णनाशी जुळवणे हे प्रोग्रॅमचे काम. मराठी व्याकरणाच्या भाषेत हा आज्ञार्थाकडून विध्यर्थाकडे झालेला प्रवास होय. 2005मध्ये आलेल्या 'पपेट'ने तो पुढे नेला.

विंडोजची वाट अधिक बिकट होती. युनिक्सच्या बहुतेक नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत असतात. विंडोजच्या तशा नव्हत्या. म्हणून मजकूर हाताळणारी युनिक्सची हत्यारे तेथे बोथट ठरली. जेफ्री स्नोव्हर यांनी 2002मध्ये 'मोनाड' नावाचा जाहीरनामा लिहिला. हे नाव लाइबनिट्सच्या तत्त्वज्ञानातले. या कामापायी आपल्याला पदावनती सोसावी लागली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. 2006मध्ये त्यातून 'पॉवरशेल' आली आणि 2013मध्ये 'डिझायर्ड स्टेट कॉन्फिगरेशन'. म्हणजे विध्यर्थ विंडोजवरही पोहोचला.

तोवर ॲमेझॉनने 2006पासून भाड्याने देऊ केलेले सर्व्हर रूढ झाले होते. गरजेनुसार तासाभरात यंत्रे उभी करायची आणि मोडायची, तेथे प्रत्येकासमोर बसून क्लिक कोण करणार?

लेखनाने धोका टळला नाही. चुकीची एक ओळ आता शंभर यंत्रांत एकदम पोहोचते. घाईगर्दीत कोणी हातानेच दुरुस्ती केली, तर संहिता एक सांगते आणि यंत्र दुसरे. पण हा पाठभेद ताडून पाहण्यासाठी निदान मूळ प्रत हाताशी असते. क्लिकच्या काळात तीच नव्हती.