निबंध कोणी लिहिला?

विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासताना एकाच्या वहीतली चूक पाच जणांच्या वहीत जशीच्या तशी उतरलेली आपल्याला कितीदा तरी दिसते. कोणी कोणाचे पाहून लिहिले हेही आपण बहुधा ओळखतो. पण ओळखणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. मुलाने 'सर, माझे मीच लिहिले' असे ठामपणे सांगितले, तर आपल्या हातात नेमके काय असते?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांपुढे गेली चाळीस वर्षे फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. तिथे विद्यापीठांचे फुटबॉल (म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल बरं का, आपला नव्हे) आणि बास्केटबॉलचे सामने लाखो लोक पाहतात. त्यातून कोट्यवधी डॉलर मिळतात. पण खेळाडू हा विद्यार्थीही असला पाहिजे, त्याने ठरावीक किमान गुण राखलेच पाहिजेत, नाहीतर त्याला मैदानात उतरता येत नाही, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए ही संस्था पाहते. एका बाजूला एवढा पैसा आणि दुसऱ्या बाजूला एक गुणपत्रिका. मग गुणपत्रिकेवर किती ताण येत असेल याची कल्पना करता येईल.

जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प या बाई कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या विभागात होत्या. १९८१ साली तिथल्या नऊ फुटबॉलपटूंना नापास असूनही पुढे ढकलण्यात आले. केम्प यांनी तक्रार केली आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी दावा लावला. १९८६ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पंचवीस लाख डॉलरांहून जास्त भरपाई ठरवली. पुढे ती कमी झाली, पण केम्प कामावर परतल्या आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. या खटल्यात पुराव्याचा भाग तसा सोपा होता. गुण विद्यापीठाच्याच दप्तरात होते, आणि मुलांना वर चढवल्याचे कोणी नाकारतही नव्हते. वाद होता तो बोलणाऱ्या बाईंना काढून टाकण्याचा.

मिनेसोटातली गोष्ट वेगळी. १९९९ च्या मार्चमध्ये सेंट पॉलच्या 'पायोनियर प्रेस' या दैनिकात बातमी आली. खेळाडूंच्या शिकवणी-कार्यालयात काम केलेल्या जॅन गँगेलहॉफ यांनी सांगितले होते, की पाच वर्षांत निदान वीस बास्केटबॉलपटूंसाठी आपण सुमारे चारशे निबंध आणि गृहपाठ लिहिले. नुसत्या बोलण्याला कोण विचारतो? 'रागावलेली माजी नोकर' एवढे म्हटले की संपले. पण त्या बाईंनी निबंध संगणकात जपून ठेवले होते. वार्ताहर जॉर्ज डोरमन यांनी त्यांच्याकडचे निबंध आणि खेळाडूंनी वर्गात दिलेले निबंध शेजारी शेजारी ठेवले. काही निबंध तर दोन वेगवेगळ्या खेळाडूंनी, वेगवेगळ्या वर्गांत सादर केलेले निघाले! मूळ प्रत, नक्कल आणि लिहिणारीचा जबाब अशा तिन्ही गोष्टी जुळल्या. प्रशिक्षक क्लेम हॅस्किन्स यांना त्या वर्षी जावे लागले आणि १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धेतली संघाची कामगिरी नोंदीतून पुसली गेली. डोरमन यांना २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हे झाले सरळ प्रकरण. सगळ्यात गुंतागुंतीचे, आणि आम्हाला सर्वात बोधप्रद वाटणारे प्रकरण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथले आहे. तिथे कोणी कोणाचा निबंध लिहून देण्याची गरजच फारशी नव्हती. वर्गच खोटा होता.

सुरुवात एका निबंधावरून झाली. २०११ साली एका फुटबॉलपटूने आपल्यावरची बंदी उठवावी म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि पुरावा म्हणून त्याचा निबंध दाव्याच्या कागदांत आला. त्याला शिक्षा झाली होती ती संदर्भ मांडण्यात दुसऱ्याची मदत घेतल्याबद्दल. निबंध सगळ्यांना खुला झाल्यावर शेजारच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या चाहत्यांनी त्यातली वाक्ये संगणकावर शोधून पाहिली, तर त्यातला बराच मजकूर जशाच्या तसा इतरत्र छापलेला सापडला. विद्यापीठाची शिस्त-समिती आणि एनसीएए या दोघांनीही तो निबंध हाताळला होता. दोघांच्याही हे लक्षात आले नव्हते. कारण दोघेही दुसराच प्रश्न विचारत होते!

मग 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' दैनिकाच्या डॅन केन यांनी पाठपुरावा केला. आफ्रिकन आणि अफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागाकडे बोट जाऊ लागले. मे २०१२ मधल्या अंतर्गत तपासणीत चार वर्षांतले ५४ वर्ग संशयास्पद ठरले. काही गुणयाद्यांवर ज्या शिक्षकांच्या सह्या होत्या ते म्हणाले, ही सही आमची नाही, हा वर्ग आम्ही घेतलाच नाही. डिसेंबर २०१२ मध्ये माजी गव्हर्नर जेम्स मार्टिन यांच्या अहवालाने हा आकडा दोनशेच्या वर नेला. पण मार्टिन यांनी निष्कर्ष काढला की हा शिक्षणातला घोटाळा आहे, खेळातला नाही, कारण त्या वर्गांत खेळाडू नसलेले विद्यार्थीही होते. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो आणि कार्यालयाच्या व्यवस्थापक डेबोरा क्राउडर हे दोघे तेव्हा बोलायला तयार नव्हते. ज्यांना 'का' हे माहीत होते त्यांच्याशिवायच तो निष्कर्ष निघाला होता.

२०१४ साली ते दोघे बोलले आणि वकील केनेथ वेनस्टाइन यांचा अहवाल ऑक्टोबरमध्ये आला. सोळा लाख ई-मेल व दस्तऐवज आणि १२६ मुलाखती. चित्र असे दिसले: १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे 'पेपर क्लास' चालत होते. वर्ग भरत नसे, शिक्षक भेटत नसे, शेवटी एक निबंध द्यायचा. त्याला गुण देत क्राउडरबाई, आणि त्या प्राध्यापक नव्हत्या. लांबी पुरेशी असली की चांगली श्रेणी. निबंध त्या नीट वाचतही नसत. सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले. त्यांत ४७ टक्क्यांच्या आसपास खेळाडू होते, आणि संपूर्ण विद्यापीठात खेळाडूंचे प्रमाण होते जेमतेम चार टक्के.

इथे जरा थांबू या, कारण आपल्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्यांना रस वाटेल असा भाग हा आहे. चार टक्क्यांचे सत्तेचाळीस टक्के होणे योगायोगाने घडत नाही. पण त्यावरून फसवणूक सिद्ध होते का? नाही. खेळाडूंना सरावामुळे वेळ कमी, म्हणून ते सोपे वर्ग निवडतात, असेही म्हणता येईल. दुसरा आकडा पाहा. चार गुणांच्या मापनात खेळाडूंना या वर्गांत सरासरी ३.५५ मिळाले, त्याच विभागाच्या खऱ्या वर्गांत २.८४. यावरही उत्तर आहे: निबंध लिहिणे परीक्षेपेक्षा सोपे असेल. आता तिसरा आकडा. क्राउडर २००९ साली निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या पहिल्याच सत्रात फुटबॉल संघाची सरासरी २.१२१ वर आली. ती दहा वर्षांतली सर्वात कमी होती. हा जवळजवळ प्रयोगच म्हणायचा. बाकी बरेचसे तेच ठेवून एक घटक काढून घेतला. (संघातली मुलेही बदलतात, म्हणून 'जवळजवळ'.) आणि या आकड्यांना जोड होती कागदाची. त्याच नोव्हेंबरात समुपदेशकांनी फुटबॉल प्रशिक्षकांसमोर मांडलेल्या माहितीत स्पष्ट लिहिले होते, की जिथे वर्गात जावे लागत नाही आणि टिपणे काढावी लागत नाहीत अशा वर्गांत आपण मुलांना घालत होतो, ते वर्ग आता उरले नाहीत. वेनस्टाइन यांनी आणखी एक हिशेब केला. या वर्गांच्या गुणांमुळेच निदान एका सत्रात २.० च्या वर राहिले असे ३२९ विद्यार्थी निघाले. त्यांतले १६९ खेळाडू.

याच प्रकरणातला एक दावा मात्र टिकला नाही, आणि तो गैरव्यवहार उघड करणाऱ्या बाईंचाच होता. मेरी विलिंगहॅम खेळाडूंना वाचन शिकवत. पेपर क्लासबद्दल त्यांनी सांगितले ते खरे ठरले. पण जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी असेही जाहीर केले, की आपण पाहिलेल्या १८३ खेळाडूंपैकी साठ टक्के चौथी ते आठवीच्या पातळीवर वाचतात. विद्यापीठाने बाहेरच्या तीन तज्ज्ञांना आकडे दिले. त्यांनी दाखवले की वापरलेली चाचणी फक्त शब्दार्थांची, पंचवीस बहुपर्यायी प्रश्नांची होती. तिच्यावरून वाचनाची इयत्ता ठरवता येत नाही. विद्यापीठाला हा निष्कर्ष सोयीचा होता हे उघड आहे. तरी तो बरोबर होता. आपल्या बाजूच्या माणसाची मोजपट्टीही तपासावी लागते, हे आपण मुलांना सांगतो खरे. प्रत्यक्षात ते किती जड जाते!

आता शेवट. इतके सगळे हाती असताना एनसीएएने काय केले? १३ ऑक्टोबर २०१७ रोजी तिच्या समितीने निर्णय दिला: शैक्षणिक नियमांचा भंग झाला असे आम्हाला म्हणता येत नाही. त्यांच्या नियमानुसार शैक्षणिक फसवणूक झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा. विद्यापीठ सुनावणीत म्हणाले, वर्ग निकृष्ट होते, पण आमच्या तेव्हाच्या धोरणाविरुद्ध नव्हते आणि ते सर्वांना खुले होते. दर्जा-मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे याआधी त्यांचा सूर वेगळा होता, हे समितीनेही नमूद केले. त्या संस्थेने २०१५ साली विद्यापीठाला एक वर्ष परिवीक्षेवर ठेवले होते. न्यांगोरो यांच्यावरचा फौजदारी आरोप २०१४ मध्येच मागे घेतला गेला होता. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल एनसीएएने त्यांच्यावर पाच वर्षांचे निर्बंध घातले. संघांना शिक्षा झाली नाही. २००५ आणि २००९ ची बास्केटबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपदे विद्यापीठाकडेच राहिली.