चूल, चौका आणि उघडे रान : भारतीय वाङ्मयातील पाकक्रियेच्या दोन परंपरा

भारतीय भाषांतील खाद्यसंस्कृतीचा इतिहास बहुधा पाकशास्त्रीय ग्रंथांच्या आधारे मांडला जातो. हे ग्रंथ पदार्थांची नावे, घटकद्रव्ये आणि कृती यांविषयी विपुल माहिती देतात. मात्र स्वयंपाक कोठे होत होता, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला की त्यांचे मौन जाणवू लागते. घरातील चूल आणि उघड्यावर पेटवलेला जाळ ही केवळ दोन स्थळे नव्हेत. ती अन्नविषयक दोन भिन्न सामाजिक व्यवस्था आहेत. पहिलीला उंबरठा आहे, विधिनिषेध आहेत आणि बहुतांशी स्त्रीचे श्रम आहेत. दुसरीत शिकार, प्रवास, शेतकाम, उत्सव आणि कधी निव्वळ बेघरपणाही आहे. या दोहोंपैकी कोणती व्यवस्था कोणत्या काळी लेखनात आली हे तपासले, तर एक ठळक बाब समोर येते : पाकक्रियेची नोंद पदार्थाच्या महत्त्वावर जितकी अवलंबून होती, त्याहून अधिक ती नोंद करणारा कोठे उभा होता यावर अवलंबून होती.

संस्कृत महाकाव्यांत पाककौशल्य हे पुरुषाचे लक्षण म्हणून येते. विराटाच्या पाकशाळेत भीम बल्लव या नावाने राबतो. नलोपाख्यानात बाहुकाच्या रूपात वावरणाऱ्या नलाची ओळख दमयंतीला पटते, ती त्याने शिजवलेल्या मांसाच्या चवीवरून. मात्र ही राजाश्रयाची पाकशाळा आहे, गृहिणीची चूल नव्हे. उघड्यावरच्या अन्नाकडे नागर दृष्टी कशी पाहत होती याचा सुंदर दाखला कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त सापडतो. दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक राजाच्या मृगयेला कंटाळून गेला आहे, आणि त्याच्या तक्रारींत अवेळी मिळणारे, बहुतांशी सळईवर भाजलेल्या मांसाचे जेवण ही एक प्रमुख तक्रार आहे. राजाच्या लेखी जो विनोद, तो सोबत फरफटत जाणाऱ्या ब्राह्मणाच्या लेखी हालअपेष्टा. एकाच जाळाभोवतीचे हे दोन अनुभव नाटककाराने टिपले. पाकशास्त्राला त्यांपैकी एकाचीही दखल घेण्याचे कारण नव्हते.

मध्ययुगीन राजदरबारांत निर्माण झालेले ग्रंथ ही नोंद विस्ताराने करतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा इ. स. ११२९च्या सुमाराचा ग्रंथ पाच विंशतींत विभागलेला आहे. तिसऱ्या विंशतीतील ‘अन्नभोग’ या प्रकरणात मांडक, पूरिका, इडरिका, धोसका यांच्याबरोबरच रानडुकराचे मांस भाजण्याची आणि नदीकाठच्या शेतांतील उंदीर शिजवण्याची कृती येते. शेतकऱ्याच्या वा शिकाऱ्याच्या जाळावरचे अन्न राजाच्या पानात आले, आणि राजाच्या पानात आले म्हणूनच ग्रंथात आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मांडू येथे सुलतान घियासुद्दीन आणि त्याचा पुत्र नासिरुद्दीन यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र फारसी ग्रंथातही शिकारीच्या मोहिमेत बरोबर काय असावे याचा विचार आहे. या दोन्ही ग्रंथांत बाहेरचा स्वयंपाक लेखनात आहे; मात्र सामान्य घरातील रोजची चूल जवळजवळ अदृश्य आहे.

जवळजवळ म्हणण्याचे कारण पुन्हा ‘मानसोल्लासा’तच आहे. गीतविनोदाच्या विवेचनात सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. मराठी वाङ्मयेतिहासात हा उल्लेख ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून सुपरिचित आहे. खाद्येतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. घरात धान्य कांडणाऱ्या स्त्रीचे श्रम अन्नाच्या प्रकरणात आले नाहीत, ते संगीताच्या प्रकरणात आले. पाकशास्त्राने जे वगळले ते गाण्याने जपले, आणि ग्रंथकाराने ते गाणे म्हणूनच ऐकले.

दरबाराबाहेर उभ्या असलेल्या नोंदकर्त्याचे उदाहरण तमिळ संघम वाङ्मयात मिळते. ‘पत्तुप्पाट्टु’ या दीर्घकाव्यसंग्रहातील ‘पेरुम्पाणाट्रुप्पडै’ हे काव्य एका भाटाने दुसऱ्या भाटाला दाखवलेल्या वाटेचे वर्णन आहे. या वाटेवर शिकारी, गुराखी, शेतकरी, ब्राह्मण आणि कोळी अशा वेगवेगळ्या लोकांच्या वस्त्या लागतात आणि प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला निराळे अन्न मिळते. शिकाऱ्यांच्या वस्तीत रानातून मिळवलेल्या धान्याचा भात आणि सुके मांस, तर ब्राह्मणाच्या घरी उत्तम तांदळाचा भात आणि आंब्याचे लोणचे. येथे कोणतेही अन्न दुसऱ्या अन्नाची पायरी म्हणून येत नाही. नोंद करणारा स्वतः भुकेला वाटसरू असल्यामुळे त्याला प्रत्येक चूल सारखीच मोलाची वाटते.

घर आणि बाहेर यांच्यातील सीमेचा नैतिक भार किती मोठा होता, हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुकुंदराम चक्रवर्ती यांनी रचलेल्या बंगाली ‘चंडीमंगल’ काव्यातून स्पष्ट होते. त्याच्या एका कथेत कालकेतू व्याध आणि त्याची पत्नी फुल्लरा यांचे दारिद्र्य आहे. शिळ्या भाताची पेज ठेवायला भांडे नाही, म्हणून जमिनीत केलेला खड्डा फुल्लरा आपल्या बारमास्यात दाखवते. घर आहे, पण घरपण देणारी भांडी नाहीत. दुसऱ्या कथेत धनपती या व्यापाऱ्याची धाकटी पत्नी खुल्लना ही सुगरण आहे. सवत लहना तिला शेळ्या चारायला रानात धाडते. पुढे श्राद्धाच्या प्रसंगी जातबांधव, एकटीने रानात हिंडलेल्या या स्त्रीच्या हातचे अन्न घ्यायला नकार देतात आणि तिला दिव्ये करावी लागतात. व्याधाच्या पत्नीला रान ही रोजची जागा आहे. व्यापाऱ्याच्या पत्नीसाठी तेच रान तिचे स्वयंपाकघर हिरावून घेणारे ठरते. स्वयंपाकिणीचे पाऊल कोठे पडले यावर अन्नाची शुद्धता ठरते, हे सूत्र एवढ्या थेटपणे मांडणारी पाकशास्त्रीय पोथी मिळणे अवघड आहे.

ही सीमा व्यवहारात पाळण्यासाठी पाककृतींनीच तोडगे काढले. उत्तर भारतात पाण्यात शिजवलेले अन्न कच्चे आणि तुपात तळलेले अन्न पक्के मानले गेले. कच्चे अन्न चौक्यातच खायचे. पक्के अन्न चौक्याबाहेर, प्रवासात किंवा जत्रेत चालत असे. महाराष्ट्रातील दशमी याच विचारातून आलेली आहे : पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की ती प्रवासाला चालते. तेव्हा शिदोरी ही केवळ टिकाऊपणाची सोय नव्हती. उंबरठा बरोबर घेऊन जाण्याची ती युक्ती होती. चुलीचेही तसेच. ‘आठ पुरभय्ये नऊ चौबे’ ही मराठी म्हण आणि ‘तीन कनौजिया तेरह चूल्हे’ ही हिंदी कहावत एकाच निरीक्षणाची दोन रूपे आहेत. पानिपतावर मराठ्यांच्या छावणीतील वेगवेगळे जाळ पाहून अब्दालीने त्यांच्यातील फूट ओळखली, ही आख्यायिका इतिहासाचे प्रमाण म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु ती इतकी वर्षे सांगितली जाते याचा अर्थ उघड आहे. आकाशाखाली चूल मांडली म्हणून भिंती आपोआप पडत नाहीत, हे लोकमानसाला ठाऊक होते.

मात्र भिंती पडाव्यात ही आकांक्षाही तितकीच जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि गोपाळ यमुनेच्या वाळवंटात बसून पाने, फुले, साली आणि दगड यांच्या पात्रांतून जेवतात. मराठी संतकवितेत या प्रसंगाचा ‘काला’ झाला. प्रत्येकाने घरून आणलेली शिदोरी एकत्र कालवायची, म्हणजे घराघराने जपलेली सीमा बाहेर येऊन मोडायची, हे त्याचे रूप आहे. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढी वारीचा शेवट गोपाळपूरच्या काल्याने. येथे बाहेर काही शिजत नाही. घरचे अन्नच बाहेर येऊन आपले मूळ विसरते. हेच स्वप्न विसाव्या शतकातील कादंबरीत मुलांच्या खेळातून येते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९२९) दुर्गा आणि अपू रानात चडुईभाती करतात. मराठी भातुकली किंवा तमिळ कूट्टांचोरु यांच्या जवळचाच हा प्रकार. पण येथे भात खराच शिजतो. गावाने कमी लेखलेल्या ब्राह्मण घरातील बिनी या जेवणात सामील होते. मीठ नसलेल्या त्या भातापुरते गावाचे नियम लागू नसतात.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाने या सर्व व्यवस्थेत मोठी उलथापालथ केली. बंगालीत ‘पाकराजेश्वर’ १८३१ मध्ये छापून आले. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लेखन प्रथम पुरुषांकडे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते स्त्रियांच्या हाती आले. बंगालीत प्रज्ञासुंदरी देवी यांचे ‘आमिष ओ निरामिष आहार’, मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०), पुढे तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार्’ (१९५१) आणि मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) ही या परंपरेची ठळक ठिकाणे. सासू-आजीकडून मिळणारे ज्ञान माहेर-सासरपासून दूर, शहरात संसार मांडणाऱ्या तरुणीला वजनमापांसह उपलब्ध झाले, हे या पुस्तकांचे ऐतिहासिक कार्य होय. शतकानुशतके अदृश्य असलेली घरची चूल अखेर लेखनात आली. परंतु त्याच वेळी उघड्यावरचा जाळ लेखनाबाहेर गेला, कारण हे लेखन ज्या घरासाठी होते तेथे अंगण नव्हते, शेत नव्हते आणि शिकारही नव्हती.

उंधियूचा प्रवास या स्थित्यंतराचा बोलका पुरावा आहे. दक्षिण गुजरातेत हिवाळ्यात मातीच्या मडक्यात पापडी व कंद भरून मडके उपडे ठेवायचे आणि वरून जाळ करायचा, अशी मूळ रीत. ‘ऊंधुं’ म्हणजे उपडे, यावरून हे नाव. वलसाड परिसरातील उंबाडियूत ही रीत टिकून आहे. रायगड जिल्ह्यातील पोपटी तिची सख्खी बहीण शोभते : वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडके आणि भोवती पेटवलेला पालापाचोळा. उंधियू मात्र शहरी घरात शिरताना गॅसवरच्या पातेल्यात शिजू लागले. पदार्थ उपडा राहिला नाही, नाव तेवढे राहिले. ज्याला असे नावापुरते का होईना घरात येता आले नाही, ते अन्न छापील पुस्तकांत आलेच नाही.

ही पोकळी कथनात्म साहित्याने भरून काढली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांत तीन दगडांची चूल वारंवार मांडली आणि मोडली जाते. तेथे उघड्यावरचा स्वयंपाक हौस नाही, घर नसल्याचा परिणाम आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने याच्या पुढचे पाऊल टाकले. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाचा, त्यातील चान्यांसारख्या पदार्थांचा कृतींसह लेखाजोखा मांडताना त्यांनी आत्मकथन आणि पाकपुस्तक यांच्यामधील भिंतच काढून टाकली. भोजनापूर्वीच्या परिचित श्लोकातील शब्दाला शीर्षकातच ‘अ’ जोडून त्यांनी विचारलेला प्रश्न संपूर्ण पाकशास्त्रीय परंपरेला उद्देशून आहे : ज्यांच्या अन्नाची नोंदच झाली नाही, त्यांच्या लेखी हे ब्रह्म पूर्ण कसे?

आज हुरड्याच्या आगट्या आणि पोपटीचे जाळ शहरी पर्यटकांसाठी पेटतात. तिरुवनंतपुरम येथे आट्टुकाल पोंगलच्या दिवशी लाखो स्त्रिया भर रस्त्यात विटांच्या चुली मांडून पायस शिजवतात. खुल्लनेला जे रान नाकारले गेले, त्याचे एका दिवसापुरते का होईना हे सामूहिक उत्तर म्हणता येईल. परंतु हौसेचा जाळ, व्रताचा जाळ आणि नाइलाजाचा जाळ यांत फरक आहे, आणि तो फरक पाककृतीतून कळत नाही. तो कळण्यासाठी विदूषकाची तक्रार, कांडणाऱ्या स्त्रीची ओवी, म्हण, बारमास्या आणि आत्मकथन ही साधने पाकग्रंथांच्या शेजारी ठेवून वाचावी लागतात. भारतीय खाद्येतिहासाच्या तौलनिक अभ्यासाला पदार्थांच्या सूचीपेक्षा या शेजाराची अधिक गरज आहे. कारण काय शिजले हे ग्रंथ सांगतात, कोणाबरोबर खाल्ले आणि कोणाला दूर बसवले हे बहुधा साहित्यच सांगते.