नेबर, इन्हॅबिटंट, नेटिव्ह : जवळ राहणाऱ्यांच्या इंग्रजी नावांचा इतिहास

जवळपास राहणाऱ्या माणसाचा इंग्रजीत उल्लेख करावयाचा झाल्यास ‘नेबर’, ‘इन्हॅबिटंट’, ‘रेसिडेंट’, ‘व्हिलेजर’, ‘नेटिव्ह’ असे अनेक शब्द हाताशी असतात. कोशांत त्यांचे अर्थ परस्परांच्या इतके निकट दिलेले असतात की, त्यांतून एकाची निवड करणे ही केवळ शैलीची बाब असावी, असा समज सहज होतो. या शब्दांचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज टिकत नाही. दोन घरांमधील अंतर किती, यावरून ही नावे ठरलेली नाहीत. जवळ राहणाऱ्याचा कोणता हक्क मान्य करावयाचा आणि कोणता नाकारावयाचा, यावरून ती ठरत आली आहेत. प्रस्तुत विवेचनाचा हाच विषय होय.

१. ‘गेबूर’ आणि ‘नेआहगेबूर’

‘नेबर’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘नेआहगेबूर’ या सामासिक शब्दापासून आला. ‘नेआह’ म्हणजे जवळ आणि ‘गेबूर’ म्हणजे वस्ती करून राहणारा. जर्मनमधील ‘नाखबार’ हा त्याचाच सगोत्र शब्द आहे. तथापि, अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये ‘गेबूर’ ही एका विशिष्ट दर्जाच्या कुळाची संज्ञाही होती. ‘रेक्टिट्यूडिनेस सिंग्युलारुम पर्सोनारुम’ या अकराव्या शतकातील इस्टेट-व्यवस्थेच्या लेखात गेबूराची कर्तव्ये नोंदलेली आहेत. त्याने आठवड्यातून २ दिवस आणि सुगीच्या काळात ३ दिवस धन्याच्या शेतावर राबावे, सेंट मायकेलच्या सणाला १० पेन्स द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. जमिनीवर बसविताना त्याला २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या आणि ७ एकर पेरलेली जमीन मिळे. तो मेला म्हणजे त्याच्यामागे राहिलेली मालमत्ता धनी ताब्यात घेई.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. ‘गेबूर’ हे नाव माणसाचा धन्याशी असलेला संबंध सांगते. ‘नेआहगेबूर’ हे नाव दोन माणसांचा एकमेकांशी असलेला संबंध सांगते. नॉर्मन विजयानंतर पहिला संबंध व्यक्त करणारी नावे बदलली आणि बहुधा हीन झाली. जमीनदाराच्या ‘व्हिला’वरील कुळ तो ‘व्हिलन’, आणि त्यातूनच पुढे दुष्ट, खलपुरुष हा अर्थ निघाला. ‘चेओर्ल’ म्हणजे सामान्य स्वतंत्र मनुष्य. त्याचा ‘चर्ल’ म्हणजे असभ्य मनुष्य झाला. गेबूराचा आप्त असलेला ‘बूर’ हा शब्द आज गावंढळाला लावतात. ‘नेबर’ला मात्र अशी अवनती आली नाही. ज्या संबंधात दोन्ही बाजू सारख्याच बांधलेल्या असतात, त्याच्या नावाला तुच्छतेचा अर्थ सहसा चिकटत नाही, हे त्याचे कारण दिसते.

२. धर्मग्रंथ आणि न्यायालय

‘नेबर’ या शब्दाची व्याप्ती वाढविण्यात बायबलच्या भाषांतरांचा वाटा मोठा आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावी या आज्ञेतील लॅटिन ‘प्रॉक्सिमुस’साठी प्राचीन इंग्रजी शुभवर्तमानांत ‘नेहस्ता’, म्हणजे ‘सर्वांत जवळचा’, असा शब्द योजलेला होता. विक्लिफच्या परंपरेतील चौदाव्या शतकाच्या भाषांतरात त्या जागी ‘नेबर’ आला. टिंडलच्या १५२६ च्या नव्या करारात आणि १६११ च्या अधिकृत भाषांतरातही तोच राहिला. जर्मनमध्ये ‘नाखबार’ आणि धर्माज्ञेतील ‘नेख्स्टर’ हे शब्द वेगळे राहिले. इंग्रजीत मात्र भिंतीपलीकडचा मनुष्य आणि ज्याच्याविषयी आपले कर्तव्य आहे असा कोणीही मनुष्य, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात एकवटले. मराठी बायबलने याच स्थळी ‘शेजारी’ हा शब्द स्वीकारला, त्यामुळे मराठी शब्दावरही हा दुहेरी भार पडला.

या एकीकरणाचा परिणाम पुढे कायद्यातही दिसून आला. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे एका स्त्रीने मैत्रिणीने विकत घेतलेले आल्याचे पेय घेतले. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तिची तक्रार होती. तिने स्वतः काही विकत घेतले नव्हते, म्हणून उत्पादकाशी तिचा करार नव्हता. ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या दाव्यात १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी आपल्या निकालपत्रात बायबलमधील ‘माझा शेजारी कोण?’ हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत पुन्हा उभा केला. आपल्या कृतीने ज्याला इजा पोहोचेल हे आधी ध्यानात यावयास हवे, तो कायद्याच्या दृष्टीने शेजारी, असे त्यांचे उत्तर होते. उत्पादकाने जिला कधी पाहिलेही नव्हते, ती गिऱ्हाईक अशा रीतीने त्याची ‘नेबर’ ठरली.

३. वास्तव्य आणि हक्क

याच्या उलट, अगदी जवळ राहणाऱ्याला शेजारी न मानण्याचीही सोय इंग्लंडच्या कायद्यात होती. १६६२ च्या सेटलमेंट कायद्यानुसार, वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहावयास आलेला मनुष्य पॅरिशवर भार होईल असे वाटल्यास, ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठविता येत असे. घर जवळ, पण ‘सेटलमेंट’ दुसरीकडे, अशी त्याची स्थिती होई. इंग्लंडच्या काही ग्रामीण बोलींत दुसऱ्या पॅरिशच्या माणसाला ‘फॉरिनर’ म्हणत, त्याचा उलगडा या व्यवस्थेत होतो.

पेशवाईनंतर दख्खनच्या गावांची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना असाच भेद आढळला. वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करणारा तो मिरासदार. असा हक्क नसलेला, कराराने जमीन कसणारा तो उपरी. गावात त्याचे घर असले, तरी नाव ‘उपरी’च. ‘व्हिलेजर’ म्हटल्याने दोघांतील भेद पुसला जाई, म्हणून एल्फिन्स्टनच्या पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या अहवालात आणि नंतरच्या महसुली लेखनात हे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे वापरलेले दिसतात. गोव्यातील ‘गावकार’ हा शब्दही असाच आहे. गावकारांचे हक्क पोर्तुगीज शासनाने १५२६ च्या फोरालात लेखनिविष्ट केले. त्यांना नुसते ‘व्हिलेजर’ म्हणणे म्हणजे तो हक्कच भाषांतरात गमावणे होय.

४. ‘रेसिडेंट’ आणि ‘नेटिव्ह’

राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी व इतरांसाठी निवडलेले शब्द या दृष्टीने बोलके आहेत. १७८६ साली चार्ल्स मॅलेट पुणे दरबारी कंपनीचा वकील म्हणून आला, त्याचे पद ‘रेसिडेंट’, म्हणजे निवासी. ज्यांच्यामध्ये तो येऊन राहिला, ते मात्र ‘नेटिव्ह’. एकाच शहरात राहणाऱ्या दोघांपैकी नव्याने आलेला निवासी ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा केवळ ‘तेथे जन्मलेला’ ठरला. या शब्दाचे पूर्ववृत्त तर अधिकच उद्बोधक आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या लॅटिन कागदपत्रांत ‘नाटिवुस’ म्हणजे जन्मतःच धन्याशी बांधलेले कुळ. इंग्रजी ‘नेटिव्ह’चाही एक जुना अर्थ तोच होता.

मुंबई इलाख्यात हा शब्द प्रारंभी एतद्देशीयांनीही निःसंकोचपणे वापरला. ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातील ‘नेटिव्ह फीमेल स्कूल्स’ ही नावे त्याची साक्ष देतात. पुढे त्यातील अवहेलना जाणवू लागली. १८८५ साली मुंबई लष्करातील पलटणींच्या नावांतून हा शब्द वगळण्यात आला. परंतु शब्द नाहीसा झाला नाही. मुंबईत राहणारा मराठी माणूस आजही ‘नेटिव्ह प्लेस’ विचारल्यावर राहत्या चाळीचे नाव न सांगता कोकणातील वा देशावरील गावाचे नाव सांगतो. तेथे त्याचे घर कदाचित बंदही असेल. पण त्या गावावरील आपला हक्क त्याने सोडलेला नसतो. राज्यकर्त्याने हक्क नाकारण्यासाठी वापरलेला शब्द येथे हक्क सांगण्यासाठी वापरला जातो.

सारांश, भाषांतरकाराने वा कोशकाराने या शब्दांतून निवड करताना तो मनुष्य किती जवळ राहतो, एवढेच पाहून भागत नाही. त्या समाजात त्याचे कोणावर काय देणे लागते आणि त्याला कोण काय देणे लागतो, हे आधी निश्चित करावे लागते. मिरासदार आणि उपरी दोघेही एकाच विहिरीचे पाणी भरीत असतील; तथापि, दोघांना एकच इंग्रजी शब्द लावणारे भाषांतर गावाचा इतिहास चुकीचा सांगेल.