दोन वह्यांचा हिशेब

बीडच्या आडत दुकानांत पूर्वी दिवाणजी एकच व्यवहार दोनदा लिहीत. दिवसभरात जे जसं घडलं तसं रोजकिर्दीत, आणि मग तीच रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. खतावणीचं पान उंदरानं कुरतडलं, तरी रोजकीर्द पुढ्यात घेऊन खातं पुन्हा उभं करता येई. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बॅकअप म्हणजे काय, हे एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला सांगायचं तर मी या दोन वह्यांपासूनच सुरुवात करतो.

त्या पद्धतीत एक खोट होती. दोन्ही वह्या एकाच फडताळात असत. जुलै 1989 मध्ये बीडच्या बिंदुसरा नदीला पूर आला आणि नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. रोजकीर्द कोणती नि खतावणी कोणती, हे पाणी काही विचारत नाही.

पुढे 2001 मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्याच्या गावांतून क्लास निघाले. 1 एप्रिल 2005 पासून राज्यात व्हॅट लागू झाला, तसे बरेच व्यापारी वह्या सोडून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे वळले. टॅली रोजकीर्दही दाखवते नि खतावणीही, पण दोन्ही एकाच नोंदीतून काढून. वह्या दोन दिसतात, असते एकच. ती गेली की सगळंच गेलं.

त्यातून वीज. परळीत औष्णिक केंद्र असूनही जिल्ह्यात तासन्‌तास भारनियमन चाले. नोंद सेव्ह होत असतानाच वीज गेली की फाइल अर्धवट राही. बॅकअप घ्यायचा तो फ्लॉपीवर, आणि तिच्यात मावे 1.44 एमबी. मोठा हिशेब चार फ्लॉप्यांवर तोडून घ्यावा लागे. त्यांतल्या एकीला बुरशी लागली की उरलेल्या तिन्ही कुचकामी. लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. फाइल सुखरूप मिळे, पण नव्या मशीनवर तो मराठी फाँट नसला की वधू-वरांच्या नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. म्हणून ते फाइलबरोबर फाँटचं फोल्डरही सीडीवर घेऊ लागले.

लॅपटॉप आले तेव्हा सुरुवातीला खोक्यात रिकव्हरी सीडी मिळायची. मशीन बिघडलं की सीडी घातली, तासाभरात लॅपटॉप कारखान्यातून आला तसा. पुढे कंपन्यांनी खर्च वाचवला. सीडी बंद केली आणि तोच मजकूर हार्डडिस्कच्या एका लपवलेल्या कप्प्यात ठेवला. त्यावरून डीव्हीडी करून घेण्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलं. काही कंपन्या तर असा संच एकदाच करू देत. पण ही सूचना असे इंग्रजी पुस्तिकेत, आणि ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर. वर्ष-दोन वर्षांनी हार्डडिस्क मेली की तिच्यातला तो कप्पाही मरे. विंडोजची किल्ली छापलेला लॅपटॉपच्या पोटाखालचा स्टिकर तोवर घासून पांढरा झालेला. मग मेकॅनिक कुठली तरी चोरीची विंडोज ‘मारून’ देई.

2012 च्या विंडोज 8 पासून परिस्थिती सुधारली. अशा नव्या लॅपटॉपांत किल्ली मदरबोर्डवरच येऊ लागली, आणि रिकव्हरी ड्राइव्ह साध्या पेनड्राइव्हवर करता येऊ लागला. विंडोज 10 साठी 16 जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि त्यात आधी जे असेल ते पुसलं जातं. त्यामुळे तो कोराच घ्यावा. मात्र रिकव्हरी ड्राइव्ह परत देतो ती विंडोज. तुमचा हिशेब, मुलीचे दाखले, शेताच्या मोजणीचे कागद त्यात नसतात. त्यांची नक्कल वेगळी काढावी लागते. ‘भाऊ, फॉरमॅट मारा, पण डेटा राहू द्या,’ असं म्हणणाऱ्याला मी आधी खुर्चीवर बसवतो.

बहुतेकांची समजूत अशी, की सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये टाकलं म्हणजे बॅकअप झाला. पण सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, म्हणजे एकाच फडताळातल्या दोन वह्या. मे 2017 मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. असा व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. म्हणून नक्कल झाली की डिस्क काढून ठेवावी.

नवा लॅपटॉप घेतलात तर पहिल्याच आठवड्यात रिकव्हरी ड्राइव्ह करा. कामाच्या फाइलींची एक नक्कल घरी ठेवा, दुसरी पुण्यात किंवा संभाजीनगरला असलेल्या नातेवाइकाकडे. आणि वर्षातून एकदा त्या नकलेतली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. ती उघडली, तरच बॅकअप घेतलाय असं म्हणा.