तगादा: सुपे ते सोल

बँकेचा माणूस दारात येऊन बसला, पतसंस्थेतून रोज फोन यायला लागले, की आपण म्हणतो, 'त्यांनी तगादा लावलाय.' हा शब्द जुना आहे, आणि एकेकाळी त्याचा अर्थ आजच्यापेक्षा बराच शब्दशः होता. पेशवाई संपल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी एक अहवाल लिहिला. त्यात मराठी राज्यातल्या कर्जवसुलीची रीत सांगताना त्याने तगाद्याचं वर्णन केलंय. देणेकऱ्याच्या दारात माणूस बसवायचा, त्याला घराबाहेर पडू द्यायचं नाही, जेवू द्यायचं नाही. प्रकरण ताणलं तर भर उन्हात डोक्यावर दगड देऊन उभं करायचं. यातली एक अट मात्र वाचताना थांबायला लावते. धरणं धरून बसलेला माणूस देणेकऱ्याला उपाशी ठेवायचा, तेव्हा त्याने स्वतःही उपाशी राहायचं असा रिवाज होता.

ही रीत चांगली होती असं मी म्हणत नाही. ती क्रूर होती. पण ती गावासमोर चालायची. कोण कुणाला किती पिळतोय हे सगळ्यांना दिसायचं, आणि मध्ये पडायला पाटील, जातभाई, पाहुणेरावळे असायचे. कर्ज ही चारचौघांतली गोष्ट होती. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत ती एका माणसाच्या पोटातली गोष्ट झाली. कशी, ते बघायचं तर आपल्याच भागापासून सुरुवात करावी लागते.

आजचं कळस ज्या इंदापूर तालुक्यात येतं, त्याचं नाव महसुलाच्या इतिहासात मोठं आहे, हे इथल्या शाळेत कुणी सांगत नाही. कंपनी सरकारने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून जमीन मोजून घेतली आणि त्यावर सारा बसवला. हिशेब कागदावर फार शास्त्रशुद्ध होता, पण इंदापूरच्या कोरडवाहू रानाला तो पेलला नाही. शेतं ओस पडली, माणसं गाव सोडून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ पासून इंदापुरात नव्याने पाहणी केली. १८३६ साली नवे, हलके दर ३० वर्षांसाठी लागू झाले. पुढे मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी याच नमुन्यावर मोजणी झाली. आपल्या सातबाऱ्याच्या वंशावळीत इंदापूरचं हे रान आहे.

दर उतरले हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पक्की झाली. आधी मामलेदार पाटलाशी बसून अख्ख्या गावाचा आकडा ठरवायचा आणि पाटील तो गावात वाटायचा. आता प्रत्येक खातेदार सरकारला एकटा जबाबदार. जमीन त्याच्या नावावर, सारा त्याच्या नावावर, आणि ती जमीन गहाण टाकता-विकता येत असल्यामुळे कर्जही त्याच्याच नावावर. सावकाराला पूर्वी गावाशी जमवून घ्यावं लागायचं. आता त्याच्या हातात कोर्ट आलं. खुद्द विंगेटनेच १८५२ साली इशारा दिला होता की नव्या कोर्टांनी सावकाराचं पारडं जड केलंय.

१८५९ साली मुदतीचा कायदा आला. खताची मुदत तीन वर्षं. हेतू असा, की जुनं व्याज साठत जाऊ नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घेऊ लागला, आणि ते नवं मुद्दल ठरू लागलं. अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. तो कोर्टात गेला नाही तर एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, प्रसंगी अटक. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तेव्हा कापसाचे भाव चढले आणि उधारी सहज मिळाली. युद्ध १८६५ ला संपलं, भाव कोसळले. इंदापूरची ३० वर्षांची मुदत नेमकी त्याच सुमारास संपली आणि साऱ्यात मोठी वाढ झाली.

१२ मे १८७५. सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका, आताचा बारामती. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतली माणसं जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. वह्या, खतं, हुकूमनामे ओढून काढले आणि जाळले. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. याच्या काही महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूरजवळच्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला होता. न्हावी त्याची दाढी करेना, पाणक्या पाणी भरेना, कुणी त्याच्या शेतात राबेना. दंगलीनंतर ९५१ जणांना अटक झाली, त्यातल्या ५०१ जणांना शिक्षा. सरकारने नेमलेल्या आयोगालाही एक गोष्ट नोंदवावी लागली. एवढ्या मोठ्या उठावात माणसांना मारहाण फार थोडी झाली. लोकांना हवे होते ते कागद. सावकाराने खतं मुकाट्याने दिली, तर बहुतेक ठिकाणी त्याला हातही लावला नाही.

(सावकार गुजर-मारवाडी, म्हणजे बाहेरचे, म्हणून हा राग, असं सोपं करून सांगितलं जातं. अंगठा द्यायला लावणारं खत आणि एकतर्फी निकाल देणारं कोर्ट बाजूला ठेवलं, तर ती गोष्ट अर्धीही राहत नाही.)

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला, हप्ते बांधून द्यायची सोय झाली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ चा. म्हणजे कायदा झाल्यावरही दुखणं संपलेलं नव्हतं.

त्या काळात कुणी जीव दिला नसेल असं मला म्हणायचं नाही. मला एवढंच दिसतं की १८७५ ला कर्जबाजारीपणाची लाज एकट्याची नव्हती. सुप्याच्या बाजारात जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की शेजारच्याचंही खत आत पडलंय.

आता एकदम १११ वर्षं पुढे येऊ. मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण काढली जाते, आणि दरवर्षी १९ मार्चला राज्यभर लोक एक दिवस उपवास करतात. मधल्या शंभर वर्षांत सोसायट्या आल्या, जिल्हा बँका आल्या, नीरेचा कालवा आला, आपल्याकडे ऊस आणि साखर कारखाने आले. कर्जाचं तोंड बदललं. गावात थकबाकीदारांची यादी लागायला लागली आणि त्या यादीत माणूस एकटा असतो. शेजारच्या ओळीत दुसरं नाव असलं तरी वाचणाऱ्याला आपलंच दिसतं.

२००६ पासून राज्य सरकार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देतं. त्यासाठी मृत्यू 'पात्र' ठरावा लागतो. जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. आणि परतफेडीचा तगादा असायला हवा. एल्फिन्स्टनच्या अहवालातला शब्द इथे अर्जाचा एक रकाना झालाय. ज्याने पाहुण्याकडून हातउसने घेतले, ज्याला कुणी नोटीस पाठवली नाही पण जो रोज रात्री छताकडे बघत पडायचा, तो अपात्र. सरकारला पाहणीसाठी निकष लागतात हे मान्य. पण माणसाच्या मनावरचा दाब पावतीसकट सिद्ध करायला सांगणारा हा निकष आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत महाराष्ट्र देशात पहिला आहे. त्या वर्षी राज्यात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८. विद्यार्थी १,७६४, आणि तिथेही राज्य पहिलं. एका मृत्यूमागे एकच कारण कधीच नसतं. आजार, घरातले ताण, दारू, एकटेपणा हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पोलिसांच्या तक्त्यात मात्र एकच खूण करायची सोय असते.

हे वाचताना मला दक्षिण कोरिया आठवतो. कोरियन ड्रामे बघणाऱ्यांना तो देश फार चकचकीत वाटतो, पण आत्महत्येच्या दरात तो श्रीमंत देशांच्या यादीत कितीतरी वर्षं सर्वांत वर आहे. २०११ मध्ये दर लाखामागे ३१.७ मृत्यू, २०२३ मध्ये २७.३. हे तिथे आधीपासून असं नव्हतं. १९९७ च्या शेवटी कोरिया जवळजवळ दिवाळखोरीत गेला आणि त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज घ्यावं लागलं. पुढच्या जानेवारीत देशाचं देणं फेडायला लोकांनी घरातलं सोनं रांगा लावून दिलं. लग्नाच्या अंगठ्या, पोरांच्या वाढदिवसाची वळी, असं करत सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टन सोनं गोळा केलं. त्याच वर्षी आत्महत्येचा दर १३ च्या आसपास होता तो १८ च्या वर गेला. नोकरी गेलेले बाप सकाळी सूट घालून बाहेर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत बागेत किंवा डोंगरावर बसून घरी परतायचे. देशाचं कर्ज सगळ्यांनी मिळून फेडलं. घरातलं देणं मात्र ज्याचं त्याने लपवलं. तोंड राखणं या अर्थाचा 'छेम्यॉन' हा त्यांचा शब्द आहे, आपल्या 'अब्रू'च्या जवळचा. पुढे क्रेडिट कार्डांची लाट फुटली आणि २००३ च्या अखेरीस सुमारे ३७ लाख माणसांवर 'पत बिघडलेला' असा सरकारी शिक्का बसला होता. तो शिक्का इतका जाचक ठरला की २००५ मध्ये सरकारला ती वर्गवारीच मोडावी लागली.

सोलमध्ये नोर्यांगजिन नावाचा भाग आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास, पलंग आणि टेबल जेमतेम मावेल एवढ्या खोल्या, कागदी पेल्यात मिळणारा भात. फोटो बघितले तर सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रोडच्या अभ्यासिकाच आठवतात. इंदापूर, बारामती, दौंडची किती पोरं-पोरी तिथे बसलीत हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पूर्व, मुख्य, मुलाखत, मग निकाल, मग निकालावर स्थगिती. जुलै २०२१ मध्ये मुलाखत रखडलेल्या एका उमेदवाराच्या मृत्यूनंतर विधिमंडळात गदारोळ झाला, आयोगातली रिक्त पदं भरायची आश्वासनं दिली गेली.

या खोल्यांत कागदी तगादा नसतो. बापाने अर्धा एकर काढला, आईने पाटल्या मोडल्या, थोरल्याने शिक्षण सोडलं. हे कुणी मागत नाही आणि म्हणूनच ते फेडता येत नाही. गावी यात्रेला गेलं की पारावर एकच प्रश्न असतो, 'यंदा काय झालं रे?' विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण पोरगं पुढच्या वर्षी यात्रेला येत नाही. बापाने सोसायटीची नोटीस खिशात दडवावी तसा पोरगा गुणपत्रक दडवतो, आणि दोघेही एकमेकांना 'मजेत आहे' म्हणून फोन ठेवतात.

याच्यावर काही चाललंय का? चाललंय, आणि ते ऐकून बरं वाटतं. कोरियाने एक अत्यंत घातक तणनाशक २०१२ पर्यंत बाजारातून काढून टाकलं. पुढच्या दोनच वर्षांत कीटकनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्या जवळपास निम्म्यावर आल्या. तो विचार बहुतेकदा काही वेळासाठी अनावर होतो. ती वेळ टळली की माणूस वाचतो आणि पुढे बरेचजण जगतात. आपल्याकडे कायद्याने इथवर यायला वेळ घेतला. जगणं संपवायचा प्रयत्न केलेल्याला शिक्षा देणारं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते पुन्हा वैध ठरवलं. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने म्हटलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलं नाही. तरी गावात अजून लोक 'पोलीस केस होईल' म्हणून पेशंटला सरकारी दवाखान्यात न्यायला घाबरतात.

सगळ्यात साधा प्रयोग विदर्भात झाला. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात ३० गावांत स्थानिक बायामाणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं. ते डॉक्टर नव्हते. झोप लागते का, जेवण जातं का, कशातच मन लागत नाही असं होतं का, एवढं विचारायचं, ऐकायचं आणि गरज असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या चारेक जणांनी कुणाची मदत घेतलेली होती. प्रकल्पाअखेर तो आकडा २७ वर गेला. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. त्या काळात कुणाचं कर्ज प्रकल्पाने फेडलं नव्हतं.

आता 'टेलि-मानस'ची १४४१६ ही फोनसेवा आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचं की पाहुण्याचं, निकाल लागला की अडकला, यातलं काहीही तिथे सिद्ध करावं लागत नाही. अभ्यासिकेच्या फळ्यावर झेरॉक्सचे दर आणि मेसचे नंबर लिहिलेले असतात. त्यांच्या खाली हा नंबर मावतो.