टरफलातली साखर

ओटची टरफले, मक्याची बुरकुंडे किंवा रस काढून झालेले उसाचे चिपाड यांत साखर भरपूर असते. मात्र ती सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या लांब साखळ्यांत गुंफलेली आणि लिग्निन या चिवट द्रव्याने वेढलेली असल्यामुळे साखरेचा मद्यार्क करणाऱ्या यीस्टच्या उपयोगी पडत नाही. हे वेष्टन आधी सैल करण्याच्या कृतीला पूर्वप्रक्रिया म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1819 मध्ये लाकडाचा भुसा आणि चिंध्या गंधकाम्लात विरघळवून साखर मिळवली खरी, पण पुढचा बराचसा इतिहास मिळालेली साखर हातची जाऊ न देण्याच्या खटपटीचा आहे.

अमेरिकेतील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्सच्या गिरणीत ओट सडल्यावर टरफलांचे ढीग उरत. त्यांचे जनावरांना अधिक पचणारे खाद्य करता यावे म्हणून ती सौम्य आम्लासह दाबाखालच्या वाफेत शिजवून पाहण्यात आली. अशा शिजवण्यात हेमिसेल्युलोज तुटून झायलोज ही पाच कार्बनांची साखर सुटते, परंतु उष्णता लांबली की तिच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि बदामाच्या वासाचे, तेलकट फर्फुरल तयार होते. मद्यार्क करणाऱ्याचे यात दुहेरी नुकसान, कारण साखर तर जातेच, शिवाय फर्फुरल यीस्टची वाढ रोखते. क्वेकरने मात्र 1922 मध्ये त्याचेच व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि धंद्याच्या हिशेबाने ते शहाणपणाचेच होते.

आम्लाऐवजी विकरांनी, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरक प्रथिनांनी, साखर सोडवण्याची वाट दुसऱ्या महायुद्धातून निघाली. सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचे सुती कापड कुजवणारी एक बुरशी सापडली आणि कापड वाचवण्यासाठी तिचा अभ्यास सुरू झाला. 1970च्या दशकातील तेलटंचाईत नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिची विकरे रद्दी कागदातून साखर मिळवण्याच्या कामी लावली. तरीही सेल्युलोजच्या घट्ट स्फटिकांपुढे ती विकरे मंदावत, म्हणून तो कागद आधी बारीक दळावा लागे आणि त्यात वीज फार खर्ची पडे.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना ही यातायात दीर्घकाळ करावी लागली नाही, कारण मळीतली साखर सुटीच असते आणि ती पाणी घालून पातळ केली की थेट आंबवता येते. पुण्याच्या प्राज कंपनीचे तंत्रज्ञान वापरून अशी पूर्वप्रक्रिया करणारा इथेनॉलचा, म्हणजे मद्यार्काचा, प्रकल्प 2022 मध्ये उभा राहिला तो पानिपत येथे, आणि तोही उसाच्या चिपाडावर नव्हे, तर भाताच्या पेंढ्यावर. चिपाडाला, म्हणजेच बगॅसला, साखर कारखान्यातच बॉयलरचे हक्काचे गिऱ्हाईक असते आणि सहवीजनिर्मितीमुळे त्याची वीजही विकली जाते, त्यामुळे पूर्वप्रक्रियेला तेथे टाकाऊ मालाचा नव्हे, तर किंमत असलेल्या इंधनाचा भाव मोजावा लागतो.